स्पॅनिश शब्दांसाठी खेळ : लोतेरिया, बास्ता, ओका... तुम्ही काय खेळता / खेळवता?

कैरीपन्हं
पुण्यात घरी स्पॅनिशच्या छोट्या बॅचेस घेते, ए१ आणि ए२, म्हणजे सुरुवातीच्या दोन पातळ्या. एक मुलांची, सहावी-सातवीतली, आणि एक मोठ्यांची ज्यात बहुतेक आयटीवाले, क्लायंट मेक्सिकोचा नाहीतर कोलंबियाचा म्हणून आलेले. व्याकरणाचं मला फार टेन्शन नसतं, लिंग-वचन-काळ हे प्रकरण मराठी माणसाला नवीन नाही, घोडं अडतं ते शब्दांवर. यादी दिली की पाठ करून येतात, विचारलं की धडाधड म्हणतात आणि पंधरा दिवसांनी पाटी कोरी. म्हणून खेळ सुरू केले. मी काय करते ते लिहितेय, तुम्हीही लिहा. शक्यतो हातात धरून, समोरासमोर बसून खेळायचे खेळ सांगा, ॲप्सवर इथे आधीच रणकंदन होऊन गेलंय.

माझ्याकडे सगळ्यात जास्त चालतो तो लोतेरिया. मेक्सिकोतली हाऊजी म्हणा, फक्त आकड्यांऐवजी चित्रं. ५४ कार्डं असतात आणि प्रत्येकाकडे ४ बाय ४ चा तक्ता. १८८७ साली क्लेमेंते जाक नावाच्या, मूळच्या फ्रेंच व्यापाऱ्याने छापलेला संच अजूनही मेक्सिकोत घरोघरी असतो : १ नंबरला कोंबडा, मग सैतान, बाई, छत्री, जलपरी, शिडी असं करत शेवटी ५४ ला बेडूक. कशाचा कशाला पत्ता नाही आणि तेच मला आवडतं, त्याबद्दल नंतर लिहीन.

घरचे नियम असे. नवीन बॅचला सगळी कार्डं देत नाही, बिथरतात, वीसेक काढते, त्यातली निम्म्याहून जास्त नुकत्याच शिकवलेल्या शब्दांची आणि उरलेली जुन्या, आणि तक्ता ३ बाय ३. खुणेला राजम्याचे दाणे, मेक्सिकोतही फ्रिहोलेसच ठेवतात म्हणजे आपला राजमाच. पण दाणा नुसता ठेवायचा नाही, 'तेंगो ला लुना', माझ्याकडे चंद्र आहे, असं अख्खं वाक्य मोठ्याने म्हणायचं, तरच ठेवायचा. पुल्लिंगी शब्दाआधी 'एल' लागतं, स्त्रीलिंगीआधी 'ला', 'एल'चं 'ला' झालं की दाणा परत डब्यात. ओळ पूर्ण झाली की लोतेरिया ओरडायचं आणि आपली ओळ स्पॅनिशमधून वाचून दाखवायची, अडखळलं की डाव पुढे चालू. आणि पुढचा डाव हरलेल्याने पुकारायचा. हा नियम मी कधीच सोडत नाही, कारण ऐकणाऱ्याला शब्द फक्त ओळखायचा असतो, पुकारणाऱ्याला तो चित्र बघून डोक्यातून बाहेर काढावा लागतो. कार्डाच्या खाली नाव छापलेलं असतं, त्यावर मी मास्किंग टेपची पट्टी चिकटवलीये, नाहीतर कार्टी सरळ वाचून मोकळी होतात.

एल बोर्राचो म्हणजे दारुडा, ते कार्ड मुलांच्या बॅचमधून काढून ठेवते, आयांचे फोन येतात. एल नेग्रितो (काळा माणूस) आणि एल आपाचे (अमेरिकेतला आदिवासी) पण काढते, ती चित्रं आता बघवत नाहीत. दारुडा मोठ्यांच्या बॅचला मात्र सगळ्यात आधी पाठ होतो. :))

ह्यूस्टनकर
मस्त धागा, वाचनखूण साठवली. आमच्याकडे ह्याच्या उलट परिस्थिती आहे, टेक्सासमध्ये स्पॅनिश आजूबाजूला एवढी की दुकानात, पार्कात, शेजारी सगळीकडे ऐकू येते आणि चिरंजीव सातवीत शाळेत स्पॅनिश घेऊन पण शेजारच्या आजींशी ओला आणि ग्रासियास, नमस्कार आणि धन्यवाद, ह्याच्या पुढे जात नाहीत. शाळेत टीचर खेळ घेतात बरं का, टॅबवर क्विझ, चित्र येतं, चार पर्याय, पटकन दाबलं की नाणी मिळतात, नाण्यांतून कसले कसले प्राणी विकत घ्यायचे. हा पठ्ठ्या वर्गात पहिला असतो. घरी मी टरबुजाचं चित्र दाखवून विचारलं हे काय, तर म्हणे ऑप्शन्स दे.

लोतेरिया इथे मेक्सिकन ग्रोसरीत आरामात मिळतो. शेजारच्या आजी पुकारतात तेव्हा कार्डाचं नाव पहिल्यांदा सांगतच नाहीत, कोड्यासारखी एक ओळ म्हणतात आणि पोरांनी ओळखायचं. छत्रीला 'पारा एल सोल इ पारा एल आग्वा', उन्हासाठी आणि पाण्यासाठी. सूर्याला 'गरिबांचं पांघरूण'. कोळंबीला तर त्यांची म्हणच आहे, झोपलेल्या कोळंबीला प्रवाह वाहून नेतो. पोरगं आता आम्हाला सकाळी उठवताना कामारोन, म्हणजे कोळंबी, म्हणतं.

कैरीपन्हं
@ह्यूस्टनकर, 'ऑप्शन्स दे' हे मी फ्रेम करून क्लासमध्ये लावणार आहे. आजींची पद्धत हीच मूळ पद्धत, पुकारणाऱ्याच्या ओळी प्रत्येक गावच्या, प्रत्येक घरच्या वेगळ्या असतात. ए२ ला मी हेच करते, फक्त ओळ मुलांनी रचायची. शिडीला एकाने 'माझ्या वरून जा पण मांजर नको नेऊ' असं काहीतरी केलं होतं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, क्रियापद साफ चुकलेलं, पण एस्कालेरा वर्गातला कोणीही विसरणार नाही आता.

खडूस_मास्तर
कोणाचा उत्साह मोडायचा नाही पण विरोधी पक्ष हवाच म्हणून. मी जर्मन शिकवायचो, आता निवृत्त. खेळात तासभर जातो आणि पदरात शब्द पडतात दहा-बारा, तेही कोंबडा आणि जलपरी. डेलेच्या, म्हणजे स्पॅनिशच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला कोणी जलपरी विचारणार आहे का? त्या तासात चाळीस शब्द फळ्यावर लिहून, वाक्यात वापरून, वहीत उतरवून होतात. मुलांना मजा येते हे मान्य, पण मजा येणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या वेळी छड्या होत्या आणि शब्द आजही पाठ आहेत. (शेवटचं वाक्य गंमतीत घ्या.)

अर्धवटराव
मास्तर, शब्द पाठ असणं म्हणजे काय ते नायजेल रिचर्ड्सला विचारा. न्यूझीलंडचा माणूस, मलेशियात राहतो, स्क्रॅबलचा बादशहा. २०१५ ला फ्रेंच स्क्रॅबलची विश्वविजेतेपद स्पर्धा जिंकला, फ्रेंच येत नसताना. मग २०२४ ला स्पेनमध्ये ग्रनाडाला स्पॅनिशची जिंकला, २४ डावांत एकच हरला. स्पॅनिश बोलता येतं का, तर नाही. डिक्शनरीतले शब्द अक्षरांचे नमुने म्हणून डोक्यात भरले, अर्थाशी देणंघेणं नाही. ह्याला म्हणतात यादी पाठ करणं, आणि तो माणूस बार्सेलोनात चहा मागू शकणार नाही.

खडूस_मास्तर
तो हरला तो एक डाव कोणाशी ते सांगा, त्याला भेटायचंय मला. बाकी तुमचं उदाहरण माझ्या बाजूने आहे का विरुद्ध तेच कळेना, तो खेळच खेळत होता की.

अर्धवटराव
दोन्हीच्या विरुद्ध आहे, मी काठावर बसलोय. :ड

विसरभोळा
मास्तरांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, पण प्रश्न खेळ की यादी हा नाहीचे. स्मरणशक्तीवर वाचायचा नाद आहे म्हणून लिहितो. २००८ मध्ये कार्पिकी आणि रोडिगर ह्या दोघांचा एक प्रयोग 'सायन्स'मध्ये आला होता, अमेरिकन कॉलेजच्या पोरांना स्वाहिलीचे ४० शब्द अर्थासकट शिकवले. काहींना एकदा शब्द आला की पुन्हा विचारणं बंद, फक्त वाचत राहा. काहींना आलेला शब्दही पुन्हा पुन्हा विचारत राहिले. आठवड्याने पहिल्या गटाला साधारण तिसरा हिस्सा आठवला आणि दुसऱ्याला ८० टक्क्यांच्या आसपास. गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल ह्याचा अंदाज सगळ्या गटांनी सारखाच दिला होता, म्हणजे शिकणाऱ्याला स्वतःला हा फरक जाणवतही नाही.

म्हणजे बघा, पुन्हा पुन्हा डोक्यातून काढायला लावलं तर टिकतं. ते छडीने काढा, चिठ्ठीने काढा, नाहीतर राजम्याने. ह्यूस्टनकरांच्या मुलाच्या क्विझमध्ये डोक्यातून काढायचं काहीच नाही, समोर दिसतंय त्यातलं निवडायचंय. खेळ असूनही ती यादीच आहे. आणि मास्तर फळ्यावर चाळीस लिहून दुसऱ्या दिवशी फळा पुसून विचारत असतील तर तो कैरीपन्हं ह्यांच्यासारखाच प्रकार झाला, फक्त कमी आरडाओरडा.

खडूस_मास्तर
पुसून विचारायचोच. बरं, अर्धा मुद्दा मान्य. पण वेळेचं काय?

कैरीपन्हं
वेळेचं बरोबर आहे तुमचं, म्हणूनच तासभर कधीच खेळवत नाही. शेवटची दहा-बारा मिनिटं, फार तर पंधरा. आणि नवीन शब्द खेळातून शिकवतही नाही, ते आधी गोष्टीतून नाहीतर वस्तू दाखवून झालेले असतात, खेळ हा उजळणीसाठी. ज्या खेळाचे नियम समजवायलाच दहा मिनिटं मराठीत बोलावं लागतं तो मी टाकून देते.

आणि जलपरीचा मुद्दा, तिथे मी तुमच्या बाजूची आहे, डेलेला सिरेना येणार नाही. मूळ संच मी फक्त सवय लावायला वापरते, नंतर आमची कार्डं आम्हीच करतो, लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून. मोठ्यांच्या बॅचची कार्डं म्हणजे मीटिंग, बिल, उशीर, रजा, पगार.

वर म्हटलं होतं ना की कशाचा कशाला पत्ता नाही ते मला आवडतं. त्याचं कारण असं की आपण शिकवताना सगळे रंग एका दिवशी, सगळी फळं एका दिवशी करतो, पुस्तकंही तशीच. थॉमस टिंकम ह्यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं होतं की एकाच जातीचे नवे शब्द एकत्र शिकवले की ते एकमेकांत घुसतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. माझ्या क्लासात इस्किएर्दा-देरेचा, डावं-उजवं, एकाच दिवशी शिकवलेली बॅच पार शेवटपर्यंत रिक्षावाल्याला चुकीच्या गल्लीत नेत होती. आता आधी एकच शिकवते, दुसरं बऱ्याच दिवसांनी. लोतेरियात कोंबडा, शिडी, चंद्र, हात असं सगळं सरमिसळ येतं, ते कोणी ठरवून केलेलं नसेल पण फायद्याचं आहे.

मिरचीवाली
मी तीन वर्षं मेक्सिकोत मोन्तेर्रेला होते नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे. तिथे पोरांना बास्ता खेळताना पहिल्यांदा बघितलं आणि ओरडलेच, अरे हे तर नाव-गाव-फळ-फूल! डिट्टो तेच. एकजण मनातल्या मनात आ, बे, से करत जातो, दुसरा थांब म्हणतो, जे अक्षर आलं त्यावरून सगळे भराभर लिहितात, नाव, आडनाव, शहर, प्राणी, फळ, रंग, वस्तू. ज्याचं आधी झालं तो 'बास्ता!' ओरडतो आणि पेनं खाली. दुसऱ्या कोणाकडेच नसलेला शब्द असेल तर १००, दोघांचा सारखा आला तर ५०. आपण गरिबीत १० आणि ५ द्यायचो. अर्जेंटिनात ह्यालाच तुत्ती फ्रुत्ती म्हणतात, कोलंबियात स्टॉप.

मोठ्या माणसांसाठी ह्याच्याइतका बिनखर्चाचा खेळ नाही, कागद-पेन बस. आणि वर जो मुद्दा चाललाय ना डोक्यातून काढायचा, इथे तर चित्र पण नाही समोर, नुसतं अक्षर. आणि सारखा शब्द आला की मार्क निम्मे, त्यामुळे सगळे मान्साना मान्साना (सफरचंद) लिहीत नाहीत, मुद्दाम अडलानडला शब्द शोधतात. मी मेम्ब्रियो (क्विन्स नावाचं फळ) लिहून शेजारणीला गार केलं होतं एकदा.

कैरीपन्हं
@मिरचीवाली, आडनावाच्या रकान्यात मोठ्यांच्या बॅचमध्ये मारामारी होते, कुलकर्णी चालणार की फक्त स्पॅनिश आडनावं. गूगल करून दाखवतात लोक. मी तो रकाना काढून तिथे क्रियापद ठेवलंय. भांडण संपलं आणि फायदा पण झाला.

ससेहोलपट
स्पेनमध्ये सालामांकाला दोन सेमिस्टर होते, तिथल्या होस्ट आजोबांनी मला स्पॅनिश शिकवलं म्हणजे खरं तर हरवून हरवून शिकवलं. ओका आणि पार्चीस.

ओका म्हणजे हंसांचा पट, ६३ घरांचा, फासा टाकायचा आणि गोल गोल आत जायचं. हंसावर पडलात की पुढच्या हंसावर उडी आणि पुन्हा फासा, आणि त्यावेळी 'दे ओका आ ओका इ तिरो पोर्के मे तोका' हे म्हणावंच लागतं, स्पेनमध्ये शेंबड्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना येतं. ६ ला पूल, १९ ला खानावळ, ३१ ला विहीर, ५२ ला तुरुंग आणि ५८ ला मरण, तिथे पडलात की परत पहिल्यापासून. ह्यात शब्द फार नाहीत पण आख्खी वाक्यं तोंडात बसतात. 'मे तोका', माझी पाळी, हे मी कधी पाठ केलंच नाही, आजोबांशी भांडताना आलं. तोपर्यंत मी पाळीसाठी डिक्शनरीतला तुर्नो वापरत होते, तो चुकीचा नाही, पण खेळताना सारखं सारखं ओरडायला हेच सोपं पडतं.

पार्चीस तर आपल्याच पचीसीचं पोर, नावही तिथूनच गेलंय. लुडोची सवय असेल तर गोंधळ होतो, सोंगटी सहावर नाही, पाचावर सुटते. मारली की २० घरं बक्षीस, घरात पोचली की १०. 'मे कोमो उना इ क्वेंतो बेइन्ते', एक खाते आणि वीस मोजते. मोजताना मोठ्याने मोजायचं, ऊनो, दोस, त्रेस, पुटपुटलं तर आजोबा सोंगटी मागे न्यायचे. आकडे ह्याच्यासारखे कशाने पक्के होत नाहीत, कारण वर्गात १ ते १०० म्हणता येतं सगळ्यांना पण मधूनच चौदा म्हणायचं तर बोटं मोजत कातोर्सेपर्यंत यावं लागतं.

ह्यूस्टनकर
पार्चीस आजच ऑर्डर करतो. आजोबा मिळतील का सोबत?

नारळीपौर्णिमा
फोंड्याहून हजेरी. माझ्याकडे दहावीची दोन मुलं येतात स्पॅनिशला, घरात आजीला पोर्तुगीज येतं त्यामुळे अर्धं काम आजी करते, पण ज्यांच्याकडे अशी आजी नाही त्यांच्यासाठी एक जोड्या लावायचा खेळ करून ठेवलाय. उलटी पत्ती टेबलावर, दोन उलटायची, जोडी जमली तर आपली. एका पत्तीवर मराठी शब्द, दुसऱ्यावर स्पॅनिश : पाव-पान, पगार-पागार, बादली-बाल्दे, बिजागरी-बिसाग्रा, बटाटा-पाताता, चावी-यावे. मराठीत हे पोर्तुगीजांकडून आले आणि स्पॅनिश तिची सख्खी बहीण, त्यामुळे पहिल्याच दिवशी मुलांना वाटतं की आपल्याला बरंच येतं. पहिल्या दिवसापुरताच बरा आहे, पुढे नाही चालत, कारण पागार म्हणजे पैसे देणं, आपला पगार नव्हे, आणि बटाट्याला मेक्सिकोत पापा म्हणतात.

खडूस_मास्तर
हे आवडलं. ह्यात जलपरी नाही.

वरणभात_लिंबू
वाचनमात्र होते, आज लॉगिन केलं. मी त्या 'मोठ्यांच्या बॅच'मधलीच, म्हणजे कैरीपन्हं ह्यांच्या नव्हे, दुसरीकडे शिकते. आमच्याकडे बाई खेळ घेतात तेव्हा दोघं-तिघंच बोलतात, बाकी आम्ही हसतो. पन्नाशीच्या बायकांना दमशेराज करायला लावलं की अंगावर काटा येतो हो. भाषा शिकायचीये, नाटकात काम नाही करायचंय. ह्यावर काही उपाय?

कैरीपन्हं
@वरणभात_लिंबू, ह्या तक्रारीत शंभर टक्के तथ्य आहे, मोठ्या माणसांना सगळ्यांसमोर उभं करू नये. दोघांत खेळायचे खेळ सांगा तुमच्या बाईंना. 'उंदिर ला फ्लोता' म्हणून आहे, जहाजं बुडवायचा, शाळेत वहीच्या मागे चौकोन आखून खेळायचो तोच. स्पॅनिशच्या शिक्षकांचा हा लाडका आहे. उभ्या रकान्यात क्रियापदं, आडव्यात मी, तू, तो, आम्ही वगैरे. बी-७ म्हणायचं नाही, 'नोसोत्रोस कोमेमोस' म्हणायचं, आम्ही खातो. समोरची वहीत बघून आग्वा म्हणते म्हणजे पाण्यात गेला, नाहीतर तोकादो, लागला, आणि शेवटी उंदिदो, बुडालं. शब्दांसाठी करायचं तर आडव्यात विशेषणं आणि उभ्यात नामं ठेवा, 'ला कासा रोखा', 'एल कोचे रोखो', म्हणजे लिंगाप्रमाणे शेपूट बदलायची सवय पण होते. मान खाली घालून, मधे पुस्तक उभं करून खेळायचं, कोणी बघत नाही. माझ्या बॅचमधले सगळ्यात अबोल काका ह्यात दुष्टासारखे खेळतात.

विसरभोळा
लिंगावरून आठवलं, हे एल-ला टिकवायला काय करता? मला शब्द आठवतो, लिंग नाही. टेबल आपल्याकडे ते, तिकडे ला मेसा. चंद्र आपला तो, त्यांची ती.

कैरीपन्हं
शब्द एकटा कधीच पुकारायचा नाही, एल-लासकटच, आणि म्हणूनच तो दाणा परत घ्यायचा नियम. कार्डाची मागची बाजू मात्र मुद्दाम सारखीच ठेवते, रंगाने एल-ला दाखवलं की मुलं रंग लक्षात ठेवतात. शेवटच्या आठवड्यात ला मानो आणि एल आर्पा हे दोन पत्ते मुद्दाम घालते, एक ओ ने संपून बाई, दुसरा पुढे एल लागूनही बाईच. त्यावर दाणे गेले की वर्गात जी बोंब होते त्यानंतर ते दोन कोणी चुकत नाही.

ससेहोलपट
स्क्रॅबलचं वर निघालं म्हणून, ए२ च्या पुढे गेलात तरच विकत घ्या. आणि घ्याल तर स्पॅनिश डबाच घ्या, इंग्लिश सोंगट्यांनी जमत नाही, एन्ये (ñ) हे अक्षरच नसतं. स्पॅनिश डब्यात च, डबल एल आणि डबल आर ह्यांच्या वेगळ्या सोंगट्या असतात, जरी २०१० पासून स्पॅनिश भाषेच्या अकादमीने वर्णमाला २७ अक्षरांची करून च आणि डबल एलला बाहेर काढलं असलं तरी. आजोबांना हे मान्य नव्हतं, ते डब्याच्या बाजूने होते.

मिरचीवाली
ज्यांच्याकडे खेळायला कोणीच नाही त्यांच्यासाठी : गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये लोतेरियाचं डूडल केलं होतं, जुन्या डूडल्समध्ये शोधलंत तर खेळता येतं, अनोळखी लोकांबरोबर पण. कार्ड आलं की नाव आपण आधी मोठ्याने म्हणायचं आणि मग दाणा. घरचे बघतात विचित्र नजरेने, बघू देत.

ह्यूस्टनकर
@कैरीपन्हं, ते ३ बाय ३ चे तक्ते प्रत्येकाचे वेगळे कसे करता? मी काल पोरासाठी सहा केले तर दोघांची ओळ एकाच वेळी झाली आणि घरात दंगल.

कैरीपन्हं
छापत बसू नका. नऊ रिकामे चौकोन आखून द्या आणि फळ्यावरच्या वीस शब्दांतले कुठलेही नऊ ज्याने त्याने आपल्या हाताने काढायचे, चित्रच, अक्षर नाही. चित्र काढेपर्यंत शब्द दोनदा मनात घोळतो आणि तक्ते आपोआप वेगळे होतात. दोघांची एकदम झालीच तर ज्याने आधी ओरडून आपली ओळ न अडखळता वाचली तो जिंकला. आणि चित्र कितीही भयंकर असलं तरी बदलून द्यायचं नाही, आमच्याकडे एक कोळंबी आहे जी सगळ्यांना विंचू वाटते, तिच्यावरून रोज भांडण होतं आणि कामारोन-आलाक्रान दोन्ही पाठ झालेत.

खडूस_मास्तर
शनिवारी किती वाजता असते हो तुमची बॅच? नुसतं मागे बसून बघेन म्हणतो.

कैरीपन्हं
पाचला. मागे बसायला जागा नाही, राजमा घेऊन पुढे बसावं लागेल. व्यक्तिगत निरोपात पाठवते पत्ता.